अर्धी बादली पाऊस म्हणजे किती?

माझे मामा येवला तालुक्यात राहतात. पावसाळ्यात रोज सकाळी त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "पालखेडला किती आलं?" त्यांच्याकडे पाणी येतं ते पालखेड धरणाच्या कालव्यानं. त्यामुळे वर दिंडोरीकडे काय चाललंय याची काळजी त्यांना स्वतःच्या शिवारावरच्या ढगाइतकीच असते. मग मी विचारते, "आणि तुमच्याकडं?" याचं उत्तर मिलिमीटरमध्ये कधीच येत नाही. कधी "नुसत्या पागोळ्या गळल्या", कधी "औत सोडावं लागलं", कधी "वितभर ओल गेली". ही मापं मला आवडतात. वितभर ओल गेली म्हणजे वाफसा आल्यावर पेरता येईल, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. "काल ३८ मिलिमीटर झाला" यातून ते कळत नाही.

एका जूनमध्ये मात्र उत्तर आलं, "अर्धी बादली."

रात्री अंगणात बादली राहून गेली होती आणि सकाळी ती निम्मी भरलेली सापडली. मामांनी नातवाची पट्टी आणून पाण्यात उभी केली. साडेबारा सेंटिमीटर. "म्हणजे १२५ मिलिमीटर झाला," मामा म्हणाले, "आणि आमच्या मंडळाचा आकडा किती लावलाय माहितीये का? ४२!"

राग नुसत्या आकड्याचा नव्हता. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या सरकारी गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला, तर आपल्याकडे त्याला अतिवृष्टी म्हणतात आणि नुकसानभरपाईची पुढची सगळी गाडी त्या शब्दावर चालते. मामांचे १२५ त्या रेघेच्या वर, मंडळाचे ४२ रेघेच्या खाली. नुकतीच उगवलेली मका वाहून गेली होती ती गेलीच.

मी मामांच्या बाजूनं भांडायला तयार होते, पण आधी त्यांना बादलीचं तोंड मोजायला सांगितलं. तोंड ३० सेंटिमीटर, बूड २०.

इथं सगळी गंमत आहे. पाऊस उंचीनं मोजतात. पडलेलं पाणी जिरलं नाही, वाहून गेलं नाही, उन्हानं उडालं नाही असं धरलं, तर जमिनीवर त्याचा किती जाड थर उभा राहील, ती जाडी म्हणजे पाऊस. म्हणून सरळ उभ्या भिंतींचं कोणतंही भांडं चालतं. पेला ठेवा नाहीतर लग्नातलं मोठं पातेलं ठेवा. पातेल्याच्या रुंद तोंडात पाणी जास्त पडतं, पण ते पसरायलाही तेवढीच जास्त जागा मिळते; उंची दोन्हीकडे तीच. बादलीचं तसं नाही. ती पाणी झेलते ३० सेंटिमीटरच्या तोंडानं आणि साठवते २० सेंटिमीटरच्या बुडावर. झेललेलं पाणी अरुंद जागेत कोंबलं गेलं की वर चढणारच.

मी म्हटलं, "मामा, पट्टी ठेवून द्या आणि दुधाच्या मापानं पाणी मोजा." पाणी भरलं पाच लिटर. ३० सेंटिमीटर तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंटिमीटर. ५००० मिलिलिटरला ७०७ नं भागलं की येतात ७ सेंटिमीटर आणि थोडं वर, म्हणजे ७१ मिलिमीटर. उरलेले ५४ मिलिमीटर बादलीच्या निमुळत्या अंगानं पदरचे घातले होते.

ही युक्ती कोणत्याही भांड्याला लागू पडते. तोंडाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढा, पाणी मिलिलिटरमध्ये मोजा, भागाकार करून दहानं गुणा. खाली भांडं कसंही वेडंवाकडं असलं तरी फरक पडत नाही, पाऊस फक्त तोंडाला विचारतो. मामांच्या बादलीपुरतं सांगायचं तर एक लिटर म्हणजे १४ मिलिमीटर. त्यांनी ते गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.

"बरं, पागोळीखाली नव्हती ना बादली?" मी विचारलं.

"मी काय येडा आहे का?"

तेव्हा ७१ खरे मानू. मंडळाचे ४२ अजून ४२ च आहेत. मधल्या २९ मिलिमीटरचं काय झालं, हे सांगायला मापकापासून सुरुवात करावी लागेल.

पण त्याआधी मिलिमीटरचं वजन एकदा हातात घेऊन बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. नाशिकमधल्या एखाद्या हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की ९३० लिटर पाणी नळीतून गटारीत जातं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच सोसायटीत टँकर येतो. एकरावर एक इंच पाऊस, म्हणजे २५ मिलिमीटर, याचा हिशेब एक लाख लिटरच्या थोडा वर जातो. दहा हजार लिटरचे दहा टँकर. उन्हाळ्यात सिन्नर-नांदगावकडं टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे पटकन समजतं. शहरात मात्र इंचभर पावसाला "आज काही विशेष नाही पडला" असं म्हणतात.

तोंड, कडा आणि साडेआठची वेळ

पाऊस भांड्यात झेलून मोजायची कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराशी एक अरत्नी, म्हणजे हातभर, रुंद तोंडाचं कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावं असं सांगितलंय, आणि पुढं चक्क प्रदेशवार आकडे आहेत. जांगल, म्हणजे कोरड्या, देशात १६ द्रोण (द्रोण हे तेव्हाचं माप), अवंतीत, म्हणजे माळव्यात, २३ द्रोण. गोदाकाठच्या अश्मक देशाचा आकडा जांगलाहूनही कमी. आणि अपरान्त, म्हणजे आपलं कोकण? तिथं आकडाच नाही, फक्त एक शब्द: अमित. मोजता न येणारा. कसारा घाट उतरताना जुलैत ज्यांनी गाडीचे वायपर हरताना पाहिलेत त्यांना यावर भाष्य नको. कोरियात राजा सेजोंगच्या काळात, १४४१-४२ मध्ये, लोखंडी नळकांडी गावोगाव बसवली गेली. नळकांडी, म्हणजे सरळ भिंतींची. मामांची चूक त्यांनी केली नव्हती.

आज भारतीय हवामान विभागाचा साधा पर्जन्यमापक दिसायला अगदीच मामुली असतो. वर धारदार काठाचं गोल तोंड, १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचं, आत नरसाळं, त्याखाली साठवायची बाटली. नरसाळं असल्यानं पडलेलं पाणी उडून बाहेर जात नाही आणि उन्हानं आटतही नाही. काठ धारदार का? थेंब काठावर आपटला तर त्यानं आत जायचं की बाहेर, हे लगेच ठरावं म्हणून. मोजायची काचनळी तोंडापेक्षा बरीच बारीक असते. तोंडाचं क्षेत्रफळ नळीच्या दहापट असेल, तर एक मिलिमीटर पाऊस नळीत दहा मिलिमीटर उंच दिसतो आणि दशांशसुद्धा डोळ्यांनी वाचता येतो. म्हणजे मामांच्या बादलीचा जो दोष, तोच इथं मुद्दाम आणि हिशेबात धरून वापरलाय.

काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवतात. खाली ठेवला तर चिखलाचे शिंतोडे आत येतात, वर नेला तर वारा जोर धरतो. वारा हा पर्जन्यमापकाचा खरा वैरी आहे. मापक स्वतःच वाऱ्याला अडथळा. त्याच्यावरून वारा उसळी मारून जातो आणि बारीक थेंब तोंडावरून पलीकडे घेऊन जातो. पावसात ही तूट थोडी असते, बर्फात फार मोठी. म्हणून गच्चीच्या कठड्याला लावलेल्या हौशी मापकावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, आणि हे वाक्य लिहिताना माझ्या स्वतःच्या गच्चीवरचं मापक मला खिडकीतून दिसतंय. झाड, भिंत, कचेरी यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट तरी लांब, मोकळ्यावर मापक असावं. प्रत्यक्षात मोकळी जागा म्हणजे जनावरं, क्रिकेट आणि कुंपणाचा खर्च, म्हणून ते सोयीच्या जागी जाऊन बसतं.

स्वयंचलित केंद्रात बाटलीऐवजी एक चिमुकली दोन कप्प्यांची झुलती पळी असते. बागेतल्या सी-सॉसारखी. एक कप्पा भरला की पळी कलंडते, पाणी सांडतं, दुसरा कप्पा वर येतो. प्रत्येक कलंडणं म्हणजे ठरलेला पाऊस, काही यंत्रांत ०.२ तर काहींत ०.५ मिलिमीटर, आणि यंत्र फक्त टकटक मोजत राहतं. कल्पना सतराव्या शतकातली, लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेन यांच्या डोक्यातून आलेली. फार जोराच्या पावसात पळी कलंडत असतानाचं पाणी हिशेबातून निसटतं, तेव्हा मुसळधार पाऊस ती जरा कमीच सांगते. नरसाळ्यात पान अडकलं, कोळ्यानं जाळं विणलं किंवा चिमणीनं घरटं मांडलं, तर बाहेर ओढे वाहत असताना यंत्र शून्य दाखवतं आणि पाऊस थांबल्यावर चार तास निवांत ठिबकत राहतं. कोरड्या दुपारी नोंद: रिमझिम.

आता वेळ. आपल्याकडे पावसाचा दिवस मध्यरात्री उलटत नाही, तो सकाळी साडेआठला उलटतो. सोमवारी सकाळी ८.३० पासून मंगळवारी सकाळी ८.३० पर्यंत जे पडलं, ते मंगळवारच्या नावावर. म्हणून सोमवारी संध्याकाळी तुम्ही कॉलेज रोडवर गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलली, तरी तो पाऊस सोमवारच्या तक्त्यात सापडत नाही. याहून वाईट म्हणजे पहाटे सुरू झालेला आणि दहापर्यंत चाललेला पाऊस. ४० मिलिमीटर साडेआठच्या आधी, ४० नंतर. एकूण ८०, सहा तासांत. पण कागदावर दोन दिवस, दोन्हीकडे ४०, आणि ६५ ची रेघ कोणीच ओलांडलेली नाही. दिवस कुठंतरी तोडावाच लागतो, त्याला इलाज नाही. शेत त्या सहा तासांत धुऊन गेलं, हेही खरं.

राहिलं अंतर, आणि मामांचे २९ मिलिमीटर बहुतेक तिथंच गेले असावेत. मंडळाचं केंद्र त्यांच्या वस्तीपासून ११ किलोमीटरवर आहे. जुलै-ऑगस्टची झड असते तेव्हा ११ किलोमीटरनं फार बिघडत नाही, ढगांचं घोंगडं सगळीकडं सारखं पसरलेलं असतं. पण जूनचा सुरुवातीचा गडगडाटी पाऊस एकेका उभ्या ढगातून पडतो. तो ढग पाच-दहा किलोमीटर रुंद. त्याच्याखाली असाल तर न्हाऊन निघाल, बांधापलीकडे धूळ तशीच. याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईचं आहे: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या मापकात २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, ७३. एकाच दिवशी एकाच शहरात दोघं मापकं वाचत होते आणि दोघंही खरं सांगत होते.

जगभरात किती मापकं असावीत? लाख आहेत असं धरू आणि प्रत्येकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं. सगळी तोंडं शेजारी शेजारी लावली तर होतात २,००० चौरस मीटर, म्हणजे अर्धा एकर. पिंपळगावच्या एखाद्या द्राक्षबागेचा कोपरा. एवढ्या जागेवर पडलेल्या पाण्यावरून आपण साऱ्या पृथ्वीचा पाऊस सांगतो. मधली जागा भरायला रडार आणि उपग्रह आहेत. पण रडार पाऊस पाहत नाही, थेंबांवरून परत आलेला प्रतिध्वनी पाहतं. तो प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. थेंब दुप्पट जाड झाला की प्रतिध्वनी ६४ पट. तेव्हा थोडे टपोरे थेंब आणि पुष्कळ बारीक थेंब यांत रडारचा गोंधळ होतो, आणि त्याचा कान पिळायला शेवटी जमिनीवरचं ते हातभर उंचीचं मापकच लागतं.

नाशिकच्या रेघेवरून पृथ्वीभोवती

पाऊस जगात असा वाकडातिकडा का वाटलाय, हे समजायला नकाशा घ्या आणि नाशिकवरून जाणाऱ्या अक्षांशावर बोट ठेवा. २० अंश उत्तर, जवळपास नेमकं. याच रेघेवर पश्चिमेला समुद्रकाठी डहाणू आहे, मधे जव्हार आणि त्र्यंबकेश्वर, पूर्वेला येवला. सूर्य सगळ्यांना सारखाच मिळतो. पाऊस बघा: डहाणूला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर. चढ चढून जव्हारला या, तीन हजारांच्या आसपास. त्र्यंबकला अजून दोन हजारांच्या वर. तिथून तिसेक किलोमीटरवर नाशिक शहर आणि पाऊस एकदम सातशेवर. येवल्यात पाचशेच्या आसपास. दक्षिणेला इगतपुरी तीन हजार ओलांडते, आणि इगतपुरी ते येवला सरळ रेषेत शंभर किलोमीटर.

हे सह्याद्रीचं काम. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला धडकते आणि वर चढते. वर दाब कमी, हवा फुगते, फुगली की थंड होते. थंड हवेत वाफ वाफ म्हणून राहू शकत नाही, तिचे थेंब होतात. म्हणून पाऊस चढणीवर. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या पलीकडे तीच हवा उताराला लागते, दाबली जाते, गरम होते आणि ढग विरतात. तवलीच्या टेकडीवरून संध्याकाळी पश्चिमेला बघितलं तर त्र्यंबकच्या डोंगरावर काळंभोर आभाळ अडलेलं दिसतं आणि आपल्या डोक्यावर नुसती भुरभुर. वर्षानुवर्षं पाहिलेलं हे दृश्य म्हणजे पर्जन्यछायेचा धडाच आहे.

रेघेवरून पूर्वेकडे गेलं की पाऊस परत वाढतो. छत्रपती संभाजीनगरला सातशेच्या आसपास, चंद्रपूरला बाराशेच्या वर, ओडिशात पुरीला आणखी जास्त. कारण तिकडं पाऊस आणणारा समुद्र वेगळा. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकताना वाटेत रिते होत येतात. मराठवाडा आणि आपला पूर्व भाग दोन्ही समुद्रांच्या शेवटच्या पंगतीला बसलेत. वाढपी येईपर्यंत पातेलं खरवडलेलं.

समुद्रापलीकडे म्यानमारचा किनारा. सित्वे हे बंदर याच अक्षांशावर आहे आणि तिथं साडेचार हजारांच्या आसपास पाऊस पडतो. मागं आराकानचे डोंगर. त्या डोंगरांमागं, त्याच रेघेवर, मागवे गावी वर्षाला हजारसुद्धा होत नाही. नाव बदललं, गोष्ट इगतपुरी-येवल्याचीच.

व्हिएतनाम सोडलं की लांबलचक प्रशांत महासागर आणि मधोमध हवाई बेट. पूर्व किनाऱ्यावर हिलो शहर, पाऊस तीन हजारांच्या वर. पश्चिम किनाऱ्यावर कावाइहाए, हिलोपासून नव्वदेक किलोमीटरवर, पाऊस २५० च्या आसपास. मधे ४,२०७ मीटर उंचीचा मौना केआ. इथं ओली बाजू पूर्वेची आहे, कारण तिथले वारे ईशान्येकडून येतात. डोंगराला दिशा नसते, ती वारा देतो. मेक्सिको आणि क्युबा ओलांडून आपण आफ्रिकेत उतरतो ते थेट सहारात. मॉरिटानिया, माली, चाड, सुदान; मग तांबडा समुद्र, आणि अरबस्तानचं रुब अल खाली, जिथं वर्षाला ५० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. तिथून अरबी समुद्र ओलांडला की डहाणू.

नाशिकच्याच रेघेवर वाळवंट का? विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर जाते, तिथंच पाऊस पाडून मोकळी होते, आणि कोरडी होऊन उंचावरून दोन्ही ध्रुवांकडे सरकत साधारण २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. उतरणारी हवा गरम होते, ढग धरत नाही. सहारा, अरबस्तान, थर, दक्षिण गोलार्धात ऑस्ट्रेलियाचा मधला भाग, सगळे याच पट्ट्यातले. न्यायानं आपणही वाळवंटात असायला हवे होतो. उन्हाळ्यात आशियाची अवाढव्य जमीन तापते आणि विषुववृत्तापलीकडची ओली हवा ओढून घेते, म्हणून चार महिने आपली सुटका होते. जूनमध्ये मृगाचं वाहन बेडूक आहे की म्हैस यावर घराघरांत चर्चा होते, ती या सुटकेच्या तारखेचीच.

टोकाचे आकडे या रेघेवर नाहीत, पण कारणं तीच. मेघालयात मौसिनराम आणि चेरापुंजीला सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या आसपास. बंगालच्या उपसागराची हवा बांगलादेशाच्या सपाटीवरून येते आणि खासी टेकड्यांच्या भिंतीला थेट धडकते. चेरापुंजीत ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर नोंदले गेले. नाशिक शहराचा ३५ हून जास्त वर्षांचा पाऊस. दुसऱ्या टोकाला चिलीतलं आरिका, जिथं सरासरी वर्षाला एक मिलिमीटरही भरत नाही आणि ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ एवढ्या काळात थेंबही पडला नाही. आरिका समुद्रकाठी आहे! पण तिथला समुद्र थंड, त्यावरची हवा थंड, ती वर चढतच नाही. आणि पूर्वेची ओली हवा अँडीज अडवतो. समुद्र जवळ असला म्हणजे पाऊस येतो, हा आपला कोकणी समज आहे.

आता सरासरीबद्दल थोडं, कारण बातम्यांत सगळ्यात जास्त फसवणूक तिथं होते. नाशिक जिल्ह्याची सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास सांगतात. घोटीच्या भातवाल्याला हजार म्हणजे दुष्काळ, येवल्याच्या मकेवाल्याला हजार म्हणजे पूर. जिल्ह्यातल्या कोणाच्याच शेतात ही सरासरी पडत नाही. "सामान्य पाऊस" हाही तसाच शब्द. जिल्ह्याच्या पावसात सरासरीच्या १९ टक्के खाली-वर असं काहीही सामान्यच धरलं जातं. शिवाय एकूण बेरीज सामान्य आणि मधे तीन आठवड्यांचा खंड, असं होतं तेव्हा सोयाबीन करपते ती बेरीज बघून नाही.

लंडनचा पाऊस वर्षाला सहाशेच्या आसपास, नाशिकपेक्षा कमी. पण तिथं तो बाराही महिने रिपरिपतो आणि इथं चार महिन्यांत उरकतो. म्हणून लंडनला छत्री लागते आणि नाशिकला धरणं. आणि चार महिनेही फसवेच. २०१८ च्या एका अभ्यासात जगभरच्या मापकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्मी ठिकाणं अशी निघाली की वर्षाचा अर्धा पाऊस सर्वांत ओल्या बारा दिवसांत, किंवा त्याहूनही कमी दिवसांत पडून जातो. हवा एका अंशानं तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, तेव्हा हे बारा दिवस आणखी जड होत जाणार. एका दिवसाचा विक्रम हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटाचा आहे, जानेवारी १९६६, वादळात, २४ तासांत १,८२५ मिलिमीटर.

उलट बाजूनं, मापकात नगण्य दिसणारा पाऊस नगण्य असतोच असं नाही. हवामान खात्याच्या लेखी अडीच मिलिमीटरच्या आतला दिवस पावसाचा दिवसच नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला विचारा. मापकात दोन मिलिमीटर, पण पानं रात्रभर ओली, आणि सकाळी डाऊनी रोगाच्या धसक्यानं फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर. तो पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतच नाही. पान किती तास ओलं राहिलं, हे मोजतो.

नाशिक शहराचं स्वतःचं मापक तर गोदाघाटावर उभं आहे. दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, बुडाला, आणि मग नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत गेलं का, या मापात शहराला पूर कळतो. २००८ आणि २०१९ चे पूर लोक आजही याच भाषेत सांगतात. पण तो मारुती नाशिकचा पाऊस सांगत नाही. तो सांगतो त्र्यंबक-अंबोलीकडे काय पडलं आणि गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं. शहरात कडक ऊन असताना मारुती गळ्यापर्यंत पाण्यात, असं मी पाहिलंय. आणि ते पाणी तसंच पुढं नांदूर-मध्यमेश्वरावरून जायकवाडीला जातं. वाटेत ज्यांच्या शेताला लागून वाहतं त्यांच्याकडं त्या दिवशी धूळ उडत असते.

मामांच्या २९ मिलिमीटरचं पुढं काही झालं नाही. बादलीचा पुरावा कोणी घेत नाही. पण ते आता रोज मोजतात, पट्टी न लावता, मापानं, साडेआठच्या ठोक्याला. परवा फोन आला.

"पावणेदोन लिटर."

"म्हणजे पंचवीस मिलिमीटर, मामा. चांगला झाला की."

"पण आज जरा घोळ आहे. मी जायच्या आधी शेळीनं तोंड घातलं होतं बादलीत. मग तिचं मिळवायचं का सोडून द्यायचं?"

"मिळवायला पाहिजे. किती प्यायली असेल?"

"ते मी कसं सांगू? आणि तळ्याकडच्या वस्तीवर तर म्हणतात रस्तासुद्धा भिजला नाही. पालखेडला किती आलं?"